सुभेदारची वही

११ फेब्रुवारी

ही वही मी हौसेनं लिहीत नाई. जनावरांच्या दवाखान्यात नवी डॉक्टरीण बाई आली आहे, तिनं सांगितलं म्हणून लिहितो. बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेली डायरी आहे, दर पानाखाली कपाशीच्या बोंडाचं चित्र. नुसती पडून होती, म्हटलं येऊ दे कामात. मी मराठी शाळेचा दहावी पास आहे अन् अक्षर चांगलं आहे. अर्ध्या गावाचे अर्ज माझ्या हातचे आहेत.

विषय सुभेदारचा. सुभेदार म्हणजे आमचा कुत्रा, ग्रेट डेन जातीचा. माझ्या पोरानं, कुलदीपनं, हैद्राबादवरून आणला. ज्वारीत रानडुकरं शिरतात म्हणून. आणला तेव्हा धोतराच्या ओच्यात मावत होता. आता नऊ महिन्यांचा आहे अन् उभा राह्यला की माझ्या दोन्ही खांद्यांवर पाय ठेवतो. डुकराला मात्र भितो लेकाचा. डुक्कर आलं की बाजेखाली शिरतो अन् अर्धा बाहेरच राहतो.

काल साखळी तोडून एका कुत्रीमागं नागपूर-हैद्राबादच्या मोठ्या रस्त्यावर पळाला. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला अन् माझ्या आईचा उद्धार केला. म्हणून आज दवाखान्यात नेला. डॉक्टरीण बाई तेलुगू आहे, आमच्याशी हिंदीत बोलते. म्हणाली, "अंकल, इसका ऑपरेशन करना है क्या? करना है तो कब, वो सोचना पड़ेगा." ऑपरेशन म्हणजे खच्ची करायचं. लहान जातीचं लवकर चालतं म्हणे. पण अशा मोठ्या हाडाच्या कुत्र्याची वाढ सव्वा-दीड वर्ष चालते. त्याआधी कापलं तर पाय नुसते लांब होतात अन् सांधे कच्चे राहतात. म्हणून आत्ता नाई. वाढ थांबेपर्यंत वजन, उंची, खाणं, किती वेळा पळाला, कोणावर गुरगुरला, सगळं लिहून ठेवा म्हणाली. ताप पाहायला थर्मामीटर घ्यायला लावला. तो कुठून घालायचा ते दाखवलं तर कुलदीप हसून हसून बाहेर गेला.

वजन ४४. कापसाच्या काट्यावर मोजलं.

घरी सांगितलं तर देवका, म्हणजे आमची ही, म्हणाली, "करून टाका एकदाचं. रोज त्या पोरीच्या अंगावर चढून राह्यला." पोरगी म्हणजे सूनबाई सुवर्णा. एकवीस वर्षांची आहे. तीन वर्षांची प्रीती आहे अन् आता दुसऱ्याच्या वेळी पाचवा महिना. मी म्हटलं, "घाईनं होत नसते असली कामं. शास्त्र असते त्यात."

१४ फेब्रुवारी

दादाजीला दाखवला. गावातला जुना माणूस, जन्मभर पंचक्रोशीतले गोऱ्हे बडवले, म्हणजे खच्ची केले त्यानं. त्याचा चिमटा अजून खुंटीला आहे. गोऱ्हा चारदाती झाला, खांदा भरला, की बडवायचा, हा त्याचा हिशोब. सुभेदारचं तोंड उघडून त्यानं दात मोजले अन् कपाळावर हात मारला. "अरे माणिका, हा तं पूर्ण दाती हाये! म्हातारा झाला तुहा कुत्रा. काऊन उशीर केला?"

मला वाटलं, कोण्या दलालानं कुलदीपच्या गळ्यात म्हातारं जनावर मारलं. तिथूनच डॉक्टरीण बाईला फोन लावला. ती इतकी हसली की फोन कानापासून दूर धरावा लागला. कुत्र्याचे सगळे दात सातव्या महिन्यात येतात म्हणे. बैलाचा हिशोब बैलाला. माझी चांगलीच शोभा झाली.

पण दादाजी उठताना एक बोलला ते मी ध्यानात ठेवलं. "घाई करू नोको. कवळेपणी बडवला तं जन्मभर जू पेलत नाई." डॉक्टरीण बाई तेच म्हणते. जनावर कोणतंही असो, कवळ्या अंगाला सुरी लावू नाई.

८ मार्च

वजन ४६. पोस्टमनवर गुरगुरला. दोनदा पळाला.

सुभेदारला रोज सहा अंडी ठरली आहेत, हाडासाठी. आज चारच दिसली. विचारलं तर ही म्हणाली, "दोन सुवर्णाले देल्ली. रक्त कमी हाये तिचं, रुक्माबाई सांगून गेली." रुक्माबाई म्हणजे गावची आशाताई. मी म्हटलं, द्या की, मी नाई कुठं म्हणतो? पण कुत्र्याच्या वाटणीतून काऊन? त्याची वाढ एकदाच होणार. सूनबाई मधे बोलली, "मले नोको आत्याबाई, मले वास येते अंड्याचा." प्रश्न मिटला.

३ मे

आज हसून हसून पुरे झालं. काटा अंगणात मांडला होता. सुभेदार ५० भरला. प्रीती म्हणाली मला मोजा, ती ११. मंग तिनं आईला ओढून काट्यावर उभी केली. सूनबाई ४७, पोटातल्यासकट. कुलदीप म्हणाला, "सुभेदार जिंकला!" सगळे हसले, सूनबाई बी हसली. उतरल्यावर पोत्यावर बसून बराच वेळ दम खात होती. ऊन फार आहे यंदा.

१९ जून

नातू झाला! सकाळी सव्वानऊला. पेढे वाटले.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं कुलदीपला अन् मला बसवून सांगितलं की दोन झाले, आता बस करा. पण बाईच्या अंगात रक्त नाई, तिचं ऑपरेशन आत्ता नको. खरं तर नवऱ्यानं करावं. दहा मिनिटांचं काम आहे, पोट फाडावं लागत नाई, चालत घरी जातो माणूस. कुलदीपचा चेहरा असा झाला की त्याला कोणी उंबऱ्यावरच पाडून धरलं. मी सांभाळून घेतलं. म्हटलं, "सायेब, हा गाडी चालवते, पोती उचलते. घराचा सगळा भार याच्यावर हाये. याले काही झालं तं?" डॉक्टर म्हणाला काही होत नाई. ते म्हणतातच तसं.

रस्त्यानं कुलदीप म्हणाला, "बाबा, मी नाई करणार. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, तुला कोण करायला सांगतं?

सुभेदारनं बाळाचा वास घेतला अन् शेपटी हलवली. समजदार आहे. वजन ५३.

२ जुलै

सुभेदारच्या ऑपरेशनचा विचार डोक्यातून जात नाई. आदिलाबादच्या, निर्मलच्या अन् हैद्राबादच्या अशा तीन डॉक्टरांना फोन केले. एक म्हणतो सव्वा वर्षानं करा, एक म्हणतो दोन वर्षं थांबा, तिसरा म्हणतो कुंपण मजबूत असेल तर करूच नका. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. जनावर कुढतं का, सुस्त होतं का, मालकावर रुसतं का, हे सगळं पाहावं लागते. इतका विचार मी माझ्या लग्नाचा केला नव्हता.

हिला म्हटलं तर ही म्हणाली, "इतका विचार?" मी म्हटलं, "मुका जीव आहे तो. त्याला विचारता येत नाई म्हणून आपण करायचा."

हिचं ऑपरेशन मला चांगलं आठवते. शाळेच्या खोल्यांत कॅम्प होता, कुलदीपची बहीण रांगत होती. ही बावीस-तेवीसची असेल. शाळेच्या फरशीवर ओळीनं बाया निजवलेल्या. मी बैलगाडीत कडबा टाकून घरी आणली अन् चौथ्या दिवशी शेतात निंदायला उभी झाली. तेव्हाच्या बाया काटक होत्या.

२२ ऑगस्ट, पोळा

बैलांसोबत सुभेदारलाही गेरू लावला, गळ्यात घुंगरं घातली. मिरवणुकीत बैलांपेक्षा त्याचेच फोटो जास्त निघाले.

डॉक्टरीण बाई लस द्यायला गावात आली होती. वही पाहिली. दोन महिने उंची हललेली नाई म्हणजे वाढ थांबली म्हणाली. "अंकल, अब कर सकते हैं. अगले हफ्ते ले आओ."

मी तिथल्या तिथं हो म्हणणार होतो, पण जीभ उचलली नाई. हा पावसाळा. चिखल, माशा, जखम चिघळते. थंडीत करावं, कापूस निघाल्यावर. म्हणजे दहा दिवस त्याच्याजवळ बसायला कोणी तरी मोकळं राहील. कुलदीप म्हणाला, "मर्द जात आहे बाबा. एकदा तरी त्याले..." पुढं बाईमाणसासमोर बोलला नाई. डॉक्टरीण बाई चिडली. थांबायचं तर थांबा, पण मंग साखळी अन् कुंपण पक्कं पायजे. एवढं मोठं जनावर बाया-पोरांच्या हाती सोडून जायचं नाई. मी हो म्हटलं. भिंतीतला खिळा हलतो आहे, तो नवा ठोकायचा आहे.

९ सप्टेंबर

सूनबाईचं ऑपरेशन उरकून घ्यायचं ठरलं. पुढच्या महिन्यात वेचणी लागते. आत्ता झालं तर वेचणीपर्यंत उभी राहते. रुक्माबाई घरी येऊन बसली. म्हणाली, "दादा, रक्त नऊच हाये अजून. तीन महिने गोळ्या खाऊ द्या, थंडीत करू. नाई तं कुलदीपचं करा ना, मी सोता घेऊन जाते त्याले, कोणाले कळणार बी नाई." कुलदीप ताटावरून उठला.

संध्याकाळी सूनबाई मला चहा द्यायला आली. कप ठेवून उभीच राह्यली. म्हणाली, "मामाजी, थंडीत केलं तं नाई चालणार काय?" मी तिला नीट समजावलं की थंडीत वेचणी असते, घरात कोण पाहील, अन् सुभेदारचंही तेव्हाच ठरलं आहे, दोन-दोन आजारी कसे सांभाळायचे? तिनं मान हलवली. गुणाची पोरगी आहे, वाद घालत नाई.

१२ सप्टेंबर

सूनबाईचं झालं. कुलदीप माल घेऊन बेल्लमपल्लीला गेला होता म्हणून मीच गेलो. घरच्या माणसाची सही लागली ती मी केली. सासरा असं लिहिलं, तारीख टाकली.

सुभेदारनं आज दूध सोडलं. घरात कोणी नसलं की रुसतो.

१८ सप्टेंबर

आज फार वाईट झालं. दुपारी फाटकाबाहेर एक कुत्री आली अन् सुभेदार वेड्यासारखा झाला. मी गुरांच्या कोठ्यात होतो, ही नदीवर, कुलदीप गाडीवर. एका हिसक्यात भिंतीतला खिळा निघाला. सूनबाई ओसरीत बाळाला घेऊन पडली होती. तिनं बाळ खाली ठेवलं अन् धावून साखळी धरली. काऊन धरली, तर मीच सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की सुभेदार मोठ्या रस्त्याला लागला नाई पायजे, जो जवळ असेल त्यानं धरायचा. फाटकापर्यंत फरफटत नेलं तिला. तरी सोडला नाई तिनं. मी आलो तेव्हा फाटकाच्या खांबाला साखळीचा वेढा देऊन बसली होती.

सुभेदारच्या गळ्याला पट्टा घासून कातडी निघाली आहे. हळद-तेल लावलं. रस्त्यावर गेला असता तर आज हे लिहायला काही उरलं नसतं.

सूनबाईच्या टाक्यांची जागा ओली झाली म्हणते ही. लुगड्याला थोडं रक्त होतं. कापूस ठेवून बांधलं आहे.

२० सप्टेंबर

सूनबाईला कणकण आहे, झोपून आहे. हिनं थर्मामीटर मागितला. मी म्हटलं, "अगं तो कुत्र्याचा आहे, कुठून घालतो माहीत आहे ना? माणसाच्या तोंडात घालते काय?" ही म्हणाली, "धुऊन काखेत लावते." मी म्हटलं, काही तरीच काय, उद्या नवा आणतो. क्रोसिन दिली.

सुभेदार नीट जेवला. वजन ५८.

२१ सप्टेंबर

सुभेदारच्या गळ्याची जखम आहे म्हणून ताप पाहिला. सकाळी १०१.२, संध्याकाळी १०१.४. कुत्र्यासाठी हा बरोबर असतो. अंडी सहा.

नवा थर्मामीटर आणायचा राहून गेला.

२२ सप्टेंबर

नवा खिळा ठोकला, सिमेंटमधे. आता बैल बांधला तरी हलणार नाई.

२७ सप्टेंबर

चार दिवस वही हातात घ्यायला जमलं नाई. २३ तारखेला सकाळी सूनबाई उठेना. बाळ रडत होतं अन् तिला ऐकू येत नव्हतं. कुलदीपच्या गाडीत टाकून आदिलाबादला नेली. जखम आतून सडली होती, पुन्हा फाडावी लागली. दोन बाटल्या रक्त चढवलं. एक माझं होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

कुलदीप दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला. मी म्हटलं, "रडू नको, तुझी काय चूक?" त्यानं वर पाहिलं.

सुभेदारकडं चार दिवस कोणी पाहिलं नाई. वजन ५६.

५ ऑक्टोबर

सुवर्णाची आई भागाबाई बेल्याहून आली अन् पोरीला दवाखान्यातूनच परस्पर माहेरी घेऊन गेली. प्रीती अन् बाळ बी गेले. मी म्हटलं, "घरी चला आधी, दोन दिवस राहा, मंग न्या." भागाबाई दारातच उभी होती. म्हणाली, "इवाईबुवा, तुमच्या घरी काटा हाये ना कापसाचा? पोरगी देल्ली तवा पन्नासाची होती. आता घाला काट्यावर अन् पाहा." इतकं लागट बोलायची गरज नव्हती. आम्ही काय मुद्दाम केलं?

सूनबाईनं जाताना वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "लवकर ये, वेचणी तोंडावर आहे." ती म्हणाली, "सुभेदारचा गळा भरला काय मामाजी?" भरला म्हटलं.

२६ ऑक्टोबर

कुलदीप बेल्याला न्यायला गेला होता, एकटाच परत आला. सुवर्णा त्याच्याशी बोलली, चहा दिला, पण कपडे काही भरले नाई. "बरी झाली की येते" म्हणाली. कधी बरी होणार ते सांगितलं नाई.

कपाशी पांढरीशुभ्र फुटली आहे अन् वेचायला घरचं माणूस एकटी देवका. माझी कंबर धरते.

१० नोव्हेंबर

सुभेदारला दीड वर्ष पूर्ण. वजन ६०. थंडी बी पडली. डॉक्टरीण बाईचा फोन आला, "अंकल, अब तो ले आओ."

मला वाटते संक्रांत होऊ द्यावी. आता कुठं त्याच्या अंगावर तेज आलं आहे. गळ्यावर केस बी आले. अन् घरात आधीच इतकं झालं आहे, त्यात अजून एक दुखणं कशाला? त्याच्या डोळ्यांत पाहिलं की माझ्यानं होत नाई. हिला बोलून दाखवलं. ही कापसाचं ओझं खाली टाकून माझ्याकडं पाहत राह्यली. मंग ओझं आत घेऊन गेली.

१७ नोव्हेंबर



मी अन् कुलदीप पहाटेच कापूस घेऊन आदिलाबादच्या मार्केटला गेलो. संध्याकाळी परत आलो तर ओसरीत सुभेदार पडलेला. गळ्यात प्लास्टिकची टोपली, मागं पट्टी, जीभ बाहेर. मला ओळखलं नाई त्यानं! मी ओरडलो, "काय झालं याला?" देवका भाकरी थापत होती. म्हणाली, "आपरेशन झालं. मी अन् रुक्माबाई आटोत घालून घेऊन गेलो."

"कोणाला विचारून?"

"कोणाले विचारायचं होतं?"

"मला! मालक मी आहे त्याचा. नऊ महिने मी वही लिहून राह्यलो, तीन-तीन डॉक्टरांना विचारलं. त्याचा जीव आहे, त्याच्या अंगावर सुरी चालवायची तर कोणाला विचारशील का नाई?"

ही भाकरी उलटवत म्हणाली, "सही लागते म्हणे. मी केली. देवकाबाई लिहिलं, तारीख टाकली. सोपं असते."

मी ताट सारलं. बत्तीस वर्षांच्या संसारात हिनं मला न विचारता एक शेळी विकली नाई. माझ्या माघारी, माझ्या घरात, माझ्या जनावरावर असं करायचं? कुलदीपला म्हटलं, "तू तरी बोल." तो सुभेदारजवळ उकिडवा बसून त्याच्या पट्टीकडं पाहत होता. तसाच पाहत म्हणाला, "दहा मिनिटं लागली असतील याले." मंग उठून बाहेर गेला.

१८ नोव्हेंबर

ताप सकाळी १०२, दुपारी १०१.८, संध्याकाळी १०२. मी जागचा हललो नाई. पाणी चमच्यानं पाजलं. डॉक्टरीण बाईनं सांगितलं आहे, दहा दिवस धावू द्यायचं नाई, उड्या नाई, साखळीला हिसका बसू द्यायचा नाई, जखम ओली दिसली की तासाभरात फोन करायचा. दिवसातून तीन वेळा ताप.

कापूस दोन दिवस तसाच राह्यला तर राहू दे.

२२ नोव्हेंबर

ताप १०१.४, १०१.२, १०१.४. जखम कोरडी. चार अंडी खाल्ली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला, रुसलेला नाई. मी उगाच भ्यायलो होतो.

देवकाशी अजून बोलत नाई मी. तिला त्याचं काही वाटून बी नाई राह्यलं. रोज दुपारी बेल्याला फोन लावते अन् हळू आवाजात बोलत बसते. आज कानावर पडलं, "नाई माय, तू नोको येऊ. आराम कर." सुनेला घरी आणायचं सोडून हे असं शिकवणं चालू आहे.

२७ नोव्हेंबर

डॉक्टरीण बाई टाके काढायला घरी आली. सुभेदारनं शेपटी हलवली, तिचा हात चाटला. जखम एकदम साफ आहे म्हणाली. तिनं वही मागितली, पण तिला मराठी वाचता येत नाई. मंग मीच वाचून दाखवली. तारीख, वेळ, ताप, अंडी, पाणी, लघवी, दहाच्या दहा दिवस, एक घर रिकामं नाई. ती एकदम खूश झाली. "अंकल, ऐसा रेकॉर्ड तो कोई नहीं रखता. लोग अपने घर के आदमी का भी नहीं रखते."

मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी कोणी चांगलं बोललं.

देवका चहा घेऊन दारात उभी होती. कप ठेवून म्हणाली, "आता सप्टेंबरातलं वाचा. वीस तारखेचं."

दहा दिवसांनी पहिल्यांदा बोलली होती माझ्याशी. "त्यात काय आहे?"

"वाचा तं."

मी पान काढलं. वाचलं. "सूनबाईला कणकण आहे, झोपून आहे." पुढचं थर्मामीटरचं होतं, ते मनातच वाचलं. "सुभेदार नीट जेवला. वजन ५८."

"कणकण म्हंजे कितीक?"

"कणकण म्हणजे कणकण."

"आकडा सांगा ना. याचा हाये, दिवसातून तीन-तीन बार. तिचा कितीक होता?"

मी पान उलटलं. एकवीस तारीख. १०१.२ अन् १०१.४ लिहिलं होतं, पण ते सुभेदारचं. बावीस तारीख, खिळा. त्यापुढं एकदम सत्तावीस. मी मागं गेलो, बारा तारखेपासून एकेक पान पाहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळं स्वच्छ दिसते. तिचा आकडा कुठंच नव्हता.

"मला कुत्र्याचं लिहायला सांगितलं होतं," मी म्हटलं.

"हो," देवका म्हणाली. "तिचं कोणी सांगितलं नोतं."

डॉक्टरीण बाईनं विचारलं, "अम्मा क्या बोल रही हैं?" मी म्हटलं, कुछ नहीं. देवका आत गेली अन् थर्मामीटर घेऊन आली. पेटीतच ठेवतो मी तो, साबणानं धुऊन, कापसात गुंडाळून. तिनं तो माझ्यासमोर वहीवर ठेवला अन् वेचायला निघून गेली. जाताना फाटक उघडंच टाकलं, पण सुभेदार उठला नाई.

टाके निघाले. ताप १०१. वजन ५९. सुभेदार नीट जेवला. माझं ताट झाकून ठेवलं होतं, ते तसंच राह्यलं.